‘सगळ्यांना हाच करार आहे’ : नवीन घराच्या छापील करारनाम्याविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. बिल्डरने तयार केलेला शंभर-सव्वाशे पानांचा करारनामा समोर येतो, बदल होणार नाही असे सांगितले जाते आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळही परस्पर ठरलेली असते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या, महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेल्या प्रकल्पांना धरून आहेत.

प्रश्न : पिंपरीत फ्लॅट बुक केला. सेल्स ऑफिसमध्ये सांगतात, ‘स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे, तीनशे लोकांनी सही केली, तुमच्यासाठी वेगळं होणार नाही.’ एवढी पाने वाचून नेमके काय शोधायचे? आणि बदल होणारच नसेल तर वाचून उपयोग काय?

‘स्टँडर्ड’ करारनामा खरोखरच अस्तित्वात आहे, पण तो बिल्डरचा नव्हे. तो रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा २०१६ चा. त्याखाली महाराष्ट्राने २०१७ मध्ये नियम केले आणि विक्री कराराचा नमुना त्यांना जोडला. बिल्डरचा मसुदा या नमुन्याला धरून असायला हवा. त्यात तो प्रकल्पापुरती कलमे घालू शकतो, मात्र कायद्याशी किंवा नियमांशी विसंगत असलेले कलम सुरुवातीपासूनच रद्दबातल ठरते, असे त्या नमुन्यातच लिहिले आहे. तेव्हा शंभर पाने सारख्याच बारकाईने वाचू नका. नमुना एका बाजूला, मसुदा दुसऱ्या बाजूला ठेवा आणि फक्त फरक शोधा.

मसुदा मिळत नाही ही तक्रार नेहमीची. त्यासाठी सेल्स ऑफिसच्या मिनतवाऱ्या करायची गरज नाही. प्रकल्प नोंदवताना बिल्डरला विक्री कराराचा मसुदा महारेराच्या संकेतस्थळावर चढवावाच लागतो. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि कागदपत्रांच्या यादीतून तो उतरवून घ्या. हे काम टोकन देण्याआधीचे आहे. नमुन्यापासून केलेले बदल बिल्डरने वेगळे दाखवावेत, असाही महारेराचा आदेश आहे. दैवी आपत्ती, दोषदायित्व (बांधकामातल्या दोषांची जबाबदारी), चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) आणि अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स (मालकी सोसायटीच्या नावावर करणे), या चार कलमांना हात लावता येत नाही. चढवलेला मसुदा आणि तुमच्या हातात दिलेला मसुदा वेगळा निघाला, तर पहिला प्रश्न तिथेच विचारा, तोही ईमेलने.

फरक कुठे सापडतात? हप्त्यांच्या तक्त्यात, व्याजाच्या दरात, ताब्याच्या तारखेभोवतीच्या शब्दांत, नकाशा बदलण्याच्या ‘संमती’त, रद्द केल्यास होणाऱ्या कपातीत आणि शेवटच्या दहा पानांत. शेवटची पाने कुणीच वाचत नाही, म्हणून तिथे बरेच काही दडवलेले असते.

हप्त्यांचा तक्ता आधी घ्या, कारण पैसा तिथून जातो. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. रेराचे कलम १३ तसे सांगते. त्यापुढच्या कमाल मर्यादा नमुन्यात आहेत आणि त्या एकत्रित आहेत : करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्के, जोते पूर्ण झाल्यावर ४५, पोडियम आणि स्टिल्टसह सर्व स्लॅब झाल्यावर ७०, भिंती, आतला गिलावा, फरशी आणि दारे-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग, जिने आणि लिफ्टचे खड्डे झाल्यावर ८०, बाहेरचे प्लंबिंग, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, वीजजोडणीची कामे आणि प्रवेशद्वाराची लॉबी झाल्यावर ९५. उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळाल्यावर, ताबा देताना.

बिल्डरचे तक्ते बहुधा पुढे झुकलेले असतात. स्लॅब संपेपर्यंत ८५-९० टक्के वसूल, आणि मग प्लॅस्टर-फरशी रेंगाळते, कारण तुमच्याकडून घ्यायचे फारसे उरलेलेच नसते. म्हणून तक्ता ओळीने तपासा. दोन गोष्टी त्यात लिहून घ्या : टप्पा तुमच्या विंगचा असेल, ‘प्रकल्पाचा’ नव्हे. आणि प्रत्येक डिमांड लेटरसोबत तो टप्पा पूर्ण झाल्याचे वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र येईल. बँकाही कर्जाचा हप्ता सोडताना हे प्रमाणपत्र पाहतात, त्यामुळे या मागणीला नकार देणे बिल्डरला जड जाते.

आता ‘वाचून उपयोग काय’. छापील मजकूर बदलायला मोठे बिल्डर सहसा तयार नसतात, हे खरे. पण जोडपत्र द्यायला, कंपनीच्या लेटरहेडवर खुलासा द्यायला किंवा रिकाम्या जागांतले आकडे खाली आणायला तयार होतात, आणि तेही तुम्ही मुद्रांक शुल्क भरण्याआधी. शुल्क भरले, नोंदणीची वेळ घेतली, की तुमची बाजू लंगडी पडते. आक्षेप तोंडी नको. कलम क्रमांक, नमुन्यातले शब्द, मसुद्यातले शब्द आणि हवा असलेला बदल, असा चार रकान्यांचा एका पानाचा ईमेल पाठवा. उत्तर आले नाही तरी तो ईमेल पुढे पुरावा म्हणून कामी येतो.

प्रश्न : ठाण्यात घेतलेल्या घराचा ताबा मार्चमध्ये मिळायचा होता. करारनाम्यात लिहिले आहे, की आमचा हप्ता चुकला तर २४ टक्के व्याज, आणि बिल्डरने उशीर केला तर दरमहा चौरस फुटाला ५ रुपये. सही आम्हीच केली आहे. आता बोलायला जागा आहे का?

आहे, आणि भरपूर आहे.

रेरा कायद्याच्या व्याख्येतच व्याजाचा दर दोन्ही बाजूंना सारखा ठेवला आहे. घेणाऱ्याने थकवले तर जो दर, तोच बिल्डरने थकवले तर. महाराष्ट्राच्या नियमांत तो दर भारतीय स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत दर) अधिक २ टक्के असा आहे. करारात २४ लिहा की ३६, त्याला अर्थ उरत नाही. कलम १८ नुसार मुदतीत ताबा मिळाला नाही, तर तुमच्यापुढे दोन वाटा असतात : प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्या, किंवा घर ठेवा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज घ्या.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. समजा घर ८० लाखांचे, तुम्ही ६८ लाख भरले आहेत, क्षेत्र ८५० चौरस फूट, आणि हिशेबापुरता दर ११ टक्के धरला. करारातल्या ५ रुपयांनी महिन्याला ४,२५० रुपये येतात. कलम १८ प्रमाणे भरलेल्या रकमेवर महिन्याला सुमारे ६२,३०० रुपये. छापील कलमाची खरी किंमत ही आहे. उलट बाजूने, ८ लाखांचा हप्ता २० दिवस उशिरा भरलात तर २४ टक्क्यांनी साधारण १०,५२० रुपये लागतात, ११ टक्क्यांनी ४,८२०. आजवर जादा दराने काही भरले असेल तर तेही हिशेबात मागा.

सही केल्याने तोंड बंद होते का, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी पायोनियर अर्बन लँड प्रकरणात दिले. प्रकल्प गुरुग्रामचा. घेणाऱ्याच्या उशिराला १८ टक्के व्याज. बिल्डरचा उशीर झाला तर मात्र घेणाऱ्याने वाढीव मुदतीनंतर आणखी १२ महिने थांबायचे, मग ९० दिवसांची नोटीस द्यायची, मग परताव्यासाठी पुन्हा ९० दिवस, आणि त्यानंतर ९ टक्के. ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून घेणाऱ्याला पर्यायच नव्हता, असे दिसत असेल तर अशा एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत आणि त्या करारात घालणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे न्यायालयाने म्हटले. ऑगस्ट २०२० मध्ये बंगळूरूच्या डीएलएफ सदर्न होम्स प्रकरणात तर तुमच्यासारखाच चौरस फुटाला ५ रुपयांचा दर होता. तो अपुरा ठरवून न्यायालयाने त्याशिवाय वर्षाला ६ टक्के व्याज द्यायला लावले.

उशीर कोणत्या तारखेपासून मोजायचा, यावर बिल्डर एक युक्तिवाद हमखास करतात : ‘महारेराने आम्हाला मुदतवाढ दिली आहे.’ ती प्रकल्प नोंदणीची मुदतवाढ. तुमचा हक्क करारनाम्यात लिहिलेल्या तारखेवर उभा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच कारणाने करार करताना तारीख ठाम हवी. ‘जोते पूर्ण झाल्यापासून ३० महिने’ ही तारीख नव्हे. ‘३१ डिसेंबर’ आणि वर्ष, असे लिहून घ्या.

दैवी आपत्तीचे कलमही इथेच वाचा. नमुन्यात युद्ध, नागरी असंतोष, नैसर्गिक आपत्ती आणि शासन किंवा न्यायालयाचे आदेश, एवढेच आहे. मसुद्यात सिमेंट-वाळूची टंचाई, मजुरांचा तुटवडा, परवानगीला झालेला विलंब, ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे कोणतेही कारण’ अशी भर घातलेली दिसते. टंचाई आणि मजूर हा बिल्डरच्या धंद्याचा धोका आहे. तो त्याने तुमच्या गळ्यात बांधायचा नाही.

प्रश्न : नाशिकला बुकिंग केले, ५ लाख भरले. बँकेने कर्ज नाकारले. बिल्डर म्हणतो, अर्जावर लिहिले आहे की रद्द केल्यास एकूण किमतीच्या १० टक्के जप्त, म्हणजे उलट आम्हीच पैसे द्यायचे!

करारनामा नोंदलेला नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसते. मग बुकिंग फॉर्मवरचे ते वाक्य घेऊन फार अडायचे कारण नाही. करारापूर्वी सही केलेला अर्ज किंवा वाटपपत्र (फ्लॅट तुम्हाला दिल्याचे बिल्डरचे पत्र) कायद्याने दिलेले हक्क कमी करू शकत नाही, असे महाराष्ट्राच्या नियमांत आहे. महारेराने वाटपपत्राचाही नमुना ठरवून दिला आहे. त्यात बुकिंग रद्द केल्यास कपात अशी : वाटपपत्रापासून १५ दिवसांत काहीही नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. रद्द करत असल्याचे पत्र आजच पाठवा, कारण टक्केवारी दिवसांवर चढते. ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा. सोबत बँकेचे नकारपत्र जोडा. वाटपपत्र दिलेच नसेल, नुसती पावती असेल, तर तो बिल्डरचा कमकुवतपणा आहे आणि महारेरापुढे तसा मांडा.

करार नोंदल्यानंतर गणित बदलते. तिथे नुकसानभरपाईची टक्केवारी दोन्ही पक्षांनी ठरवायची असते आणि मसुद्यात ती छापून येते. १० टक्क्यांपुढे गेलेला आकडा मान्य करू नका. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२५ रोजी गोदरेज प्रोजेक्ट्स प्रकरणात मूळ किमतीच्या २० टक्के जप्त करण्याची अट एकतर्फी ठरवली आणि बिल्डरला १० टक्केच ठेवू दिले. आमच्या मते १० हेही जास्त आहे. २ ते ५ टक्क्यांवर घासाघीस करायला हरकत नाही. बँकेने कर्ज लेखी नाकारले तर कपात नाही, ही ओळ जोडपत्रात मिळवता आली तर सर्वांत उत्तम.

नमुन्यानुसार बिल्डरलाही करार एका फटक्यात रद्द करता येत नाही. तीन हप्ते थकावे लागतात, मग १५ दिवसांची लेखी नोटीस, तीही रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलवर, आणि त्यानंतरही थकबाकी राहिली तरच रद्द. पैसे ३० दिवसांत परत. मसुद्यात ‘एकही हप्ता सात दिवसांहून अधिक थकल्यास’ असे असेल तर ते वाक्य खोडायला सांगा. नोंदलेला करार रद्द होतो तेव्हा रद्दलेखही नोंदवायचा असतो. मुद्रांक शुल्काच्या परताव्याला मुदत आहे, रद्दलेख झाल्याबरोबर अर्ज टाका.

प्रश्न : मुलुंडच्या प्रकल्पात पार्किंगचे ७ लाख वेगळे मागतात, पण करारनाम्यात ‘एक पार्किंग वापरण्याचा हक्क’ एवढेच आहे.

एवढ्यावर ७ लाख देऊ नका. उघडी पार्किंगची जागा विकता येत नाही, ती सामाईक असते. आच्छादित पार्किंग किंवा गॅरेज विकता येते, मात्र एप्रिल २०२४ च्या महारेरा आदेशानुसार त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली नेमकी जागा दाखवणारे जोडपत्र वाटपपत्राला आणि करारनाम्याला जोडायला हवे. मोजमाप लिहिलेले नसले की काय होते, ते ताबा घेताना कळते : खांब मध्ये येतो, दार उघडत नाही, उंच गाडी बीमला घासते. पुढे सोसायटी झाली की तुमच्या नावावर नेमकी कोणती जागा आहे हा वाद सुरू होतो. जोडपत्र येईपर्यंत पार्किंगचा पैसा थांबवा.

प्रश्न : कोल्हापूरच्या एका कराराच्या मसुद्यात तीन वेळा लिहिले आहे, की ‘खरेदीदार नकाशातील सर्व बदलांना आत्ताच अपरिवर्तनीय संमती देत आहे’. शिवाय चटई क्षेत्र ‘अंदाजे’ आहे. दोन्ही चालवून घ्यावे का?

दोन्ही नको.

अशी सरसकट, आगाऊ संमती कायद्याला मान्य नाही. मोफा या फ्लॅटमालकीविषयीच्या १९६३ च्या राज्य कायद्याखालीही मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले होते, की संमती माहितीपूर्ण हवी, ठराविक बदलासाठी हवी. करारातले एक वाक्य म्हणजे संमती नव्हे. रेराचे कलम १४ तर आणखी नेमके आहे. तुमच्या फ्लॅटमध्ये किरकोळ दुरुस्तीपलीकडचा बदल करायचा तर तुमची स्वतःची लेखी संमती. इमारतीत किंवा सामाईक जागेत बदल करायचा, म्हणजे एखादा मजला वाढवणे, बागेच्या जागी नवी विंग उभी करणे, तर बिल्डर सोडून दोन तृतीयांश घेणाऱ्यांची आगाऊ लेखी संमती. कुणी पाच फ्लॅट घेतले असले तरी त्याचे मत एकच धरले जाते.

हे कलम तीन वेळा का घातले असावे? पुढे टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (भूखंडावर करता येणाऱ्या बांधकामाचे प्रमाण) मिळाला की तो याच भूखंडावर वापरता यावा, म्हणून. तेव्हा मंजूर नकाशा आणि प्रस्तावित नकाशा दोन्ही मागा. प्रकल्पावर एकूण किती एफएसआय वापरला जाणार, तो आकडा करारात असतो, तो महारेरावरच्या आकड्याशी जुळवा. मुखत्यारपत्र म्हणून वेगळा कागद पुढे केला आणि त्यात हीच संमती घातली असेल, तर त्यावरही सही करू नका. करारात खोडलेले वाक्य मुखत्यारपत्रातून परत आत शिरते.

चटई क्षेत्राबाबत नमुना स्पष्ट आहे. क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आतल्या विभाजक भिंतींसह. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी-टेरेस त्यात धरायचे नाहीत, त्यांचे आकडे वेगळे. काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष मोजणी होते आणि फरक ३ टक्क्यांपर्यंतच चालतो. क्षेत्र कमी भरले तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत. ७० चौरस मीटरच्या घरात ३ टक्के म्हणजे २.१ चौरस मीटर, जवळपास साडेबावीस चौरस फूट. एवढी जागा म्हणजे एक लहान बाथरूम. म्हणून ‘अंदाजे’ काढून टाका. ‘सेलेबल’, ‘बिल्टअप’, ‘लोडिंग’ हे शब्द जिथे असतील तिथे किंमत नक्की कशावर आकारली आहे ते विचारा. रेरानंतर किंमत चटई क्षेत्रावरच हवी.

एक जोड. ‘या करारापूर्वीच्या जाहिराती, माहितीपत्रके, नमुना घर यांवर खरेदीदाराने विसंबून निर्णय घेतलेला नाही’ असे कलम मसुद्यात हमखास असते. कलम १२ खाली खोट्या जाहिरातीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते, हे त्या कलमाने पुसले जात नाही, तरी माहितीपत्रकाची पीडीएफ आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो जपून ठेवा. पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस वगैरे सुविधांची यादी, प्रत्येकीचा आकार आणि पूर्ण होण्याची तारीख जोडपत्रात आणा. ‘नंतरच्या टप्प्यात’ असे लिहिलेला तलाव बहुतेक वेळा नंतरच्या टप्प्यातल्या लोकांनाच मिळतो.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगर. भोगवटा प्रमाणपत्र आलेले नाही, पण ‘फर्निचरसाठी चावी घ्या’ म्हणतात. त्याआधी एका पत्रावर सही हवी : उशीर, दर्जा, क्षेत्र याबाबत तक्रार नाही आणि पुढेही करणार नाही.

ओसी नसताना चावी घेतली, की मेंटेनन्स सुरू होतो, उरलेले ५ टक्के मागितले जातात आणि ‘ताबा दिला’ अशी नोंद बिल्डरच्या दप्तरी पडते. महापालिकेच्या दृष्टीने मात्र ती इमारत राहण्यायोग्य नसते. पाण्याची नियमित जोडणीही अडू शकते. ओसी आल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणे हे कायद्याने तुमचे कर्तव्य आहे, त्याआधी नाही.

त्या पत्रावर सही करू नका. घर हवे तर भरपाईचा हक्क सोडा, असे घेणाऱ्याला कोंडीत पकडणे अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वर उल्लेखलेल्या बंगळूरूच्या प्रकरणात म्हटले आहे. अगदीच अडवले तर ताबा पावतीवर स्वतःच्या हाताने ‘हक्क राखून, आक्षेपासह’ असे लिहून सही करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी ईमेल करा.

दर्जाबाबतही मसुद्यात कात्री लावलेली असते. ‘दोषदायित्व फक्त बांधकामाच्या सांगाड्यापुरते, फिटिंगना उत्पादकाची हमी’ असे वाक्य दिसेल. कलम १४ मध्ये सांगाड्यासोबत कारागिरी, दर्जा आणि सेवांमधले दोषही येतात. मुदत ताब्यापासून ५ वर्षे, आणि कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती. बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती, बाहेरच्या भिंतीतून ओल, पोकळ वाजणाऱ्या फरश्या, हे सगळे त्यात बसते. मात्र तुम्ही बाथरूम फोडून बदलले, बाल्कनी आत घेतली, की बिल्डर त्याकडे बोट दाखवतो. पहिल्या पावसाळ्याआधी तोडफोड टाळलेली बरी.

प्रश्न : शारजात राहतो. पुण्यातला करार नोंदवायला येता येणार नाही. बिल्डरचाच माणूस मुखत्यार म्हणून सही करेल, असे सुचवले आहे. करारात लवादाचे कलमही आहे.

समोरच्याच्या नोकराला तुमच्या वतीने सही करू देणे म्हणजे दोन्ही बाजूंनी त्यानेच सही करणे. भाऊ, बहीण, विश्वासू मित्र, कुणीही चालेल, तो सोडून. मुखत्यारपत्र या एकाच फ्लॅटपुरते ठेवा, फ्लॅट क्रमांक आणि महारेरा क्रमांक त्यात घाला. नकाशाबदलाची संमती देणे, ताबा घेणे आणि करार रद्द करणे हे अधिकार त्यात देऊ नका. भारतीय वाणिज्य दूतावासात ते साक्षांकित करून घ्या. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या, नाहीतर नोंदणीच्या टेबलावर अडकते.

लवादाच्या, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढे न्यायच्या, कलमाची फारशी काळजी नको. ते असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात कायम केले, आणि महारेराची तक्रार तर ऑनलाइनच करायची असते.

प्रश्न : करार दोन वर्षांपूर्वी नोंदला. आता या अटी कळल्या. महारेरा की ग्राहक आयोग?

दोन्ही वाटा खुल्या आहेत, एक दुसरीला अडवत नाही, असे इंपिरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये ठरले. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नये इतकेच.

ताब्याचा उशीर, व्याज, परतावा, ओसी, चटई क्षेत्र, पार्किंग असा थेट रेरातला मुद्दा असेल तर महारेरा. शुल्क ५,००० रुपये. तक्रारीसोबत इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश देणारा उतारा), संपूर्ण करारनामा, भरलेल्या रकमांचा तारीखवार तक्ता, पावत्या, टीडीएसचे चलन आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार लावा. तारीखवार तक्ता नसल्याने व्याजाचा हिशेब अडतो आणि सुनावणी पुढे जाते, हे वारंवार घडते. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाकडे जाऊन पाहायला हरकत नाही. बिल्डर चर्चेला तयार असेल तर तिथे लवकर सुटते. आदेश मिळाला म्हणजे पैसा मिळाला असे नाही. बिल्डरने भरला नाही तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, आणि तिथे तहसील कार्यालयाकडे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

एखादी अटच रद्द करून हवी असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र संकल्पना आली आहे. अवाजवी दंड, अवाजवी बोजा, सबळ कारणाशिवाय एकतर्फी रद्द करण्याचा अधिकार, अशा अटी त्यात मोडतात. ही तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. दिलेला मोबदला १० कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तुमचा करारच दोन वर्षांचा झाला आहे, म्हणून कोणती घटना कधी घडली याची यादी या आठवड्यातच करा आणि ती घेऊन वकिलाकडे जा.

सोसायटी आणि कन्व्हेयन्स तुमच्या पत्रात नव्हते, पण तुमचा करार दोन वर्षांचा आहे म्हणून विचारतो : ५१ टक्के फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज बिल्डरने करायला हवा होता. केला आहे का? ‘संपूर्ण लेआऊट पूर्ण झाल्यावर’ असे वाक्य करारात घालून तो टाळला जातो, आणि तोवर आगाऊ घेतलेल्या मेंटेनन्सचा हिशेब बिल्डरच्याच खात्यात राहतो. इतर फ्लॅटधारकांना गोळा करून हा हिशेब आणि सोसायटीच्या अर्जाची प्रत एकाच पत्रात मागा.